पिशवी कोनाची?

आमच्या घरात पिशवी खाली ठेवायची तर आधी तोंडाने सांगावं लागतं, माही हाय. नाही सांगितलं की आमचे हे, रिटायर फौजदार भिवाजी, ओसरीवरून गरजतात, "हे पिशवी कोनाची?" एकदा जावयाचा डबा यांनी उचलून पार रस्त्यावर नेऊन ठेवला. जावई रुसला. मी म्हटलं, "रुसता काहून जावईबापू? बोलाले तोंड नोयतं काय?"

आमच्या अनसिंग गावातले लोक हसतात. हसोत. ज्यानं भोगलं नाही त्याले हसायला काय लागते!

हे मुंबईत नोकरीला होते, तेव्हा शहरात लागोपाठ बाँब फुटत होते. आम्ही गावी. रेडिओ लावला की मी पोरांना गप्प करायची. त्यातली एकच गोष्ट यांनी मला सांगितली. भाजीबाजारात केळीच्या गाडीखाली रेक्झिनची तपकिरी पिशवी दिसली. सोबतचा शिपाई उदयसिंग गाडीजवळ उभा. हे ओरडले, "पिशवी कोणाची?" कोणी बोलेना. पुन्हा ओरडले. तेव्हा पाण्याच्या टाकीच्या भिंतीमागून बाई बोलली, "माही हाय! इकडे या!"

मुंबईत वऱ्हाडी बाई कुठली, म्हणून हे तिला झापायला भिंतीमागे गेले. तेवढ्यात पिशवी फुटली. भिंतीमुळे हे वाचले. उदयसिंग गेला.

भिंतीमागे बाई नव्हती. जखमींत नव्हती, मेलेल्यांत नव्हती. भिंतीवर फक्त पांढऱ्या, ओल्या पंजाचा ठसा होता.

"उदयसिंगले हाका मारतो मी झोपेत," हे म्हणायचे. "त्या बाईनं त्यालेही बोलवाले पाह्यजे होतं."

मी म्हणायची, "एकाले वाचवलं ना तिनं? तिचं नाव घ्या अन् जेवा."

गेल्या उन्हाळ्यात कुरडया घातल्या. परसात न्हाणीच्या भिंतीमागे चूल मांडून मी गव्हाचा चीक घोटत होते. अंगणात शेजारणी साच्यातून कुरडया पाडत होत्या, सून पौर्णिमा खाटेवर कापड पसरत होती. ऊन टळटळीत, कावळासुद्धा बोलत नव्हता.

यांचा आवाज आला, "हे पिशवी कोनाची?"

नेहमीचंच, म्हणून मी घोटत राहिले. बायांची बडबड मात्र थांबली.

"लिंबाखालची पिशवी कोणाची?"

हा आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. तरण्या फौजदाराचा होता. पिकल्या केळीचा वास आला. आमच्या घरात केळी नव्हती.

भिंतीच्या कडेने मी डोकावले. अंगणातल्या कडुलिंबाखाली तपकिरी रेक्झिनची पिशवी होती. हे अनवाणी तिच्याकडे चालले होते. तोंडात एकच शब्द. "उदयसिंग. उदयसिंग."

माझ्या घरातून माणूस न्यायचा, तोही मला न विचारता? कोण तो माईचा लाल?

चिकाने भरलेला हात मी भिंतीवर टेकवला आणि बोंबलले, "माही हाय! इकडे या!"

हे थबकले.

मग वळले. भिंतीमागे आले.

माझ्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या पंजाकडे पाहिलं. खालीच बसले.

"तू व्हती?"

फुटल्याचा आवाज काहीच झाला नाही. अंगणात गेलो तर पिशवी नव्हती. खाटेवरच्या कुरडया तेवढ्या काजळीने काळ्या झाल्या होत्या. शेजारणी चपला टाकून पळाल्या होत्या.

तेव्हापासून दुपारी हे माझ्याजवळ घोरत असतात आणि अंगणातून यांचाच तरणा आवाज विचारतो, पिशवी कोणाची? हे झोपेतच उठून चालू लागतात. मी भिंतीमागे जाऊन उत्तर देते, तेव्हा परततात. मी भीत नाही. विचार म्हणावं लेका, किती विचारतो ते. माझं तोंड अजून शाबूत आहे.

परवा डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी वाशिमला जावं लागलं. जाताना पौर्णिमाला बजावलं, "आवाज आला की भिंतीमागं जाऊन बोलजो. लाजू नको."

संध्याकाळी परतले. हे ओसरीवर चहा पीत होते. जीव भांड्यात पडला.

"बोलली ना व पौर्णिमा?"

"मी धावलीच व्हती, आई. पन तुमीच बोलल्या ना भिंतीमागून? मले वाटलं, लवकर आल्या."

मी परसात गेले. मागच्या वर्षीचा पंजा पावसाने कधीच धुऊन नेला होता. तिथेच नवा होता, पांढरा, ओला. यंदा आम्ही चीक शिजवलाच नाही.

मी त्यावर हात ठेवला. माझाच होता. अंगठ्याजवळ विळीने कापल्याची खूणही होती.

फक्त त्या पंजाची बोटं म्हातारपणाने वाकडी झाली होती. माझी अजून सरळ आहेत.