नुसते ओठ हलवा

मृत्युंजयच्या भांड्यांच्या दुकानात मी शिरले ती सात वाट्या घ्यायला. शाळेतल्या मुलांना पाणी भरलेल्या वाट्यांवर सा-रे-ग-म शिकवायचं होतं. मी चकाकी बघून निवडत होते. त्यानं वाट्या माझ्या हातातून घेतल्या, एकेक बोटांवर तोलली आणि नखानं टिचकी मारली. चौथी बाजूला ठेवली.

"हिला तडा हाय."

मला काही दिसेना. त्यानं डोळे मिटून पुन्हा वाजवली, तेव्हा कुठे तो बसका शेवट ऐकू आला... मी संगीतशिक्षिका, आणि एका दुकानदारानं मला सूर दाखवला.

"वाजवून बघितल्याबिगर मी काई देत न्हाई, मॅडम."

त्याच्या पापण्या लांब होत्या. मी ते पाहिलं आणि वाट्या घेऊन निघाले.

त्याच शाळेत मी मोठ्यांचं समूहगान घेते, मंगळवारी आणि शुक्रवारी. कुणी शिक्षक, कुणी किराणावाले, एक निवृत्त तलाठी. पुढच्याच शुक्रवारी हा हजर. कान एवढा तयार म्हणजे गळाही असेल, असं मला वाटलं. नव्हता. त्याचा सा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडायचा. पण तो इतक्या आनंदानं उभा होता की त्याला घालवून देणं जमेना. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "तुम्ही नुसते ओठ हलवा."

दुसरा कुणी रागावला असता. यानं विचारलं, "किती उघडायचे?"

वर्षभर त्यानं ओठ हलवले. अर्धगोलाच्या टोकाला उभा राहून, सगळे शब्द पाठ करून, प्रत्येक ओळीआधी छाती भरून श्वास घेत. मी हात उचलला की सगळे हाताकडे बघत, तो चेहऱ्याकडे. रागवायला हवं होतं. रागावले नाही. तालीम संपली की तो माझी पेटी स्कूटीवर सुतळीनं बांधून द्यायचा आणि त्या दिवशी कोण अर्धा सूर उतरलं ते बिनचूक सांगायचा. ती सुतळी बांधायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागत गेला. माझीही घाई नसायची.

दिवाळीनंतर, गाठ मारता मारता, तो म्हणाला, "जन्मभर असंच ओठ हलवायची तयारी हाय माझी. तुमचं काय...?"

मी म्हटलं, "आपली नांदेडची समूहगान स्पर्धा होऊ द्या, मग सांगते."

खरं कारण वेगळं होतं. पंखा बेसूर घुमला तरी मी तो बंद करते. न्हाणीघरात रोज चुकीचा सा लावणाऱ्या माणसाबरोबर आयुष्य कसं काढायचं, याची मला भीती वाटत होती. कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं, म्हणून सांगितलंही नाही.

स्पर्धेच्या आधीच्या मंगळवारी तो तालमीला आला नाही. त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ शिवप्रसाद आला. गळा सुरेख. त्यानं निरोप सांगितला: मृत्युंजय म्हणतो, तिथं खरा गाणारा पाहिजे. मॅडमनी उत्तर पुढं ढकललं, म्हणजे नाहीच समजायचं. आई मागं लागली आहे, रविवारी तो उदगीरला मुलगी बघायला जाणार. आमची स्पर्धाही रविवारीच होती.

आम्ही गायला लागलो. सूर इतका स्वच्छ कधीच लागला नव्हता. अंतऱ्याआधी सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा असतो, तिथे मात्र वीस जणांनी वीस श्वास घेतले. वर्षभर सगळे त्याची छाती बघून श्वास घेत होते आणि मला पत्ता नव्हता.

"कुणीतरी कमी आहे," मी म्हटलं. तलाठीकाकांनी मोजून सांगितलं, वीसच्या वीस आहेत.

माझा हात हवेतच राहिला. मला तो हवा होता. समूहाला नंतर, आधी मला.

तालीम तिथेच सोडून मी दुकान गाठलं. तो ताटं पुसत होता. मी म्हटलं, "उदगीरला जाऊ नका."

त्यानं विचारलं, "सूर बिघडला का?"

"सूर चांगला लागला. तुम्ही नव्हतात."

त्यानं हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाला, "इचार करून सांगा, मॅडम. मी घरी लई गुणगुणतो. दिवसभर... ओठ हलवून न्हाई भागत माझं."

मी गल्ल्याजवळची एक वाटी उचलली, बोटांवर तोलली आणि नखानं वाजवली. नाद लांबवर गेला. वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"वर्षभर वाजवून बघितलंय," मी म्हटलं. "तडा नाही."

त्यानं तिथूनच आईला फोन लावला आणि रविवारी आपण नांदेडला चाललोय एवढंच सांगितलं. शिवप्रसादही समूहात राहणार होता, म्हणजे आम्ही एकवीस जण जाणार होतो.

मग ती वाटी वर्तमानपत्रात गुंडाळताना तो आमचं गाणं गुणगुणू लागला. सा पार घसरला होता. मी दुरुस्त केला नाही.