उकंडरावांचा एकच फोटो

"दादाचं तोंडही ठेवलं नाही तुमी वहिनी!" शालिग्रामनं पत्र्याचा डबा ओट्यावर आपटला. डब्यातल्या सगळ्या निगेटिव्ह ओल्या पापडांसारख्या एकमेकींना चिकटून त्यांचा एकच गठ्ठा झाला होता.

मेहकरच्या बसस्टँडामागं शालिग्रामचा फोटो स्टुडिओ होता. थोरले भाऊ उकंडराव जन्मभर कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. एकदाच, थट्टामस्करीत, पटका सारखा करून स्टुलावर बसले आणि पुढच्याच महिन्यात गेले! तो फोटो वर्षश्राद्धाला मोठा करून लावायचा, म्हणून शालिग्रामनं तोवर छापलाच नव्हता. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, आणि ती निगेटिव्ह त्या गठ्ठ्यात कुठंतरी होती...

"दसऱ्याच्या साफसफाईत मीच पुसल्या," सत्यभामाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "ओलं फडकं होतं. मले काय मालूम भाऊजी, असं होईन म्हून?"

स्वयंपाकघराच्या दाराआड मंजुळा, शालिग्रामची बायको, तोंडात पदर कोंबून उभी होती. सत्यभामाबाईंनी तिच्याकडं एकदाच पाहिलं. त्या नजरेत एवढंच होतं, की तू गप्प राहा.

कारण हे काम मंजुळेचं होतं. उकंडरावांच्या दुःखात त्या वर्षी घरात सण धरला नव्हता. पण मंजुळा शेतकऱ्याघरची. खंडेनवमीला विळ्यापासून पाभरीपर्यंत सगळी अवजारं धुऊन हळदकुंकू वाहायचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. नवऱ्याच्या धंद्याचं सामान बिनपूजेचं राहावं, हे तिला कसं सोसवणार? तिनं गुपचूप एकेक निगेटिव्ह धुतली, कुंकवाचं बोट लावलं आणि तशीच ओली डब्यात रचून झाकण लावलं. बिचारीनं भक्तीनं नवऱ्याच्या धंद्यावरच पाणी ओतलं!

मंजुळेचा सासरचा पहिलाच दसरा, पोटात पहिलं बाळ, आणि शालिग्रामचा राग तर असा, की एकदा भाजी खारट झाली म्हणून तो तिला माहेरी पोचवायला निघाला होता. त्या दिवशी तिला धुताना पाहिलेल्या सत्यभामाबाईंनी दोष आपल्या पदरात घेतला. नवऱ्याचा एकुलता एक फोटो नासवल्याचा दोष, त्याच्याच विधवेनं!

शालिग्रामनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, त्यांच्या हातचं ताट टाकलं. ज्या वहिनीनं त्याला पोरक्या वयात घास भरवले होते, तिच्या काळजाला हे किती लागलं असेल! त्यांनी रोहिणखेडला भावाकडं जायची पिशवी भरली. वर्षश्राद्ध झालं की निघायचं, असं मनाशी ठरवून टाकलं.

शेवटचा प्रयत्न म्हणून एका दुपारी शालिग्रामनं अंगणात स्वच्छ पाण्याचा ट्रे मांडला आणि त्यात गठ्ठा भिजत घातला. बऱ्याच वेळानं कडा सुटू लागल्या... आणि पाणी लाल झालं.

त्यानं बोट बुडवलं, पाहिलं. कुंकू! त्याची नजर सत्यभामाबाईंच्या पांढऱ्या कपाळाकडं गेली. दादा गेल्यापासून या बाईनं कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता; देवाला वाहायचं तरी मंजुळेला हाक मारत.

"वहिनी... हे कुंकू कोनं लावलं?"

सत्यभामाबाईंनी पदर कपाळावर ओढला. मंजुळाच धावत आली आणि त्यांच्या पायांवर कोसळली. "म्या लावलं! बाईनं माह्यासाठी खोटं सांगितलं!"

"वहिनी, तुमी काऊन अंगावर घेतलं?" शालिग्रामनं विचारलं.

"त्यायचा फोटो गेला तरी मले त्यायचं तोंड आठवते, भाऊजी. हिचं घर मोडलं असतं, तर ते म्या कुठून आनलं असतं?"

शालिग्राम वहिनीच्या पायांवर डोकं ठेवून लहान लेकरासारखा रडला. मंजुळेवर तो एका शब्दानंही रागावला नाही. मग त्यानं डोळे पुसले आणि पाणी बदलून पुन्हा कामाला हात घातला.

बऱ्याच निगेटिव्ह फाटल्या. उकंडरावांची मात्र एक कोपरा सोडून शाबूत निघाली. फोटो छापला तेव्हा चेहरा स्वच्छ आला; फक्त पटक्यावर, कुंकवाचा डाग बसलेल्या जागी, एक गोल पांढुरका ठिपका राहिला. शालिग्राम ब्रश आणि रंग घेऊन तो झाकायला बसला.

मंजुळेनं रोहिणखेडची पिशवी रिकामी करून खुंटीला अडकवली होती. सत्यभामाबाई फोटोजवळ आल्या. वर्षभरानं नवऱ्याकडं पाहत त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी हलकेच शालिग्रामचा हात धरला.

"राहू द्या, भाऊजी. पुसू नका. माह्या जाऊनं पूजा केली हाय त्यायची."