गार इंजिन

पहिल्या दिवशी गाडी खरंच बंद पडली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढच्या आठ दिवसांत जे झालं, त्यात यशोधराची बाजू घ्यायला एवढी एकच गोष्ट आहे.

जानेवारीतली सकाळ होती. औंढ्याच्या फाट्यावर धुकं असं दाटलेलं, की नंदाबाईच्या टपरीवरच्या चहाचा आधी वास यायचा, मग टपरी दिसायची. यशोधरा लोणावळ्यात एका लॅबमध्ये कामाला होती. आबांचे, म्हणजे तिच्या वडलांचे गुडघे गेल्यापासून त्यांची वीस वर्षांची मोटरसायकल तिच्याकडे आली होती. थंडीत ती गाडी आबांसारखीच कुरकुरायची. किका मारून मारून पाय भरून आले, तेव्हा दुधाचे दोन कॅन लटकवलेली एक गाडी शेजारी येऊन थांबली.

“चोक वढला का?”

“ओढलाय.”

“आन् वर ॲक्सिलेटरबी पिळताय. प्लग भिजला आसंल.”

तो प्रज्ञेश. गावाच्या पलीकडच्या अंगाला त्याचा म्हशींचा गोठा. त्यानं प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, ओंजळीत धरून फुंकर घातली आणि परत बसवला. मग चावी बंद ठेवून चार किका मारल्या, चावी फिरवली, आणि पाचव्या किकेला गाडी सुरू झाली. तो मान वर करून हसला. इतक्यात कशाला सुरू झाली... असं यशोधराला वाटून गेलं, आणि तिथंच घोळ झाला.

पेट्रोलचा कॉक बंद केला तरी कार्बोरेटरमध्ये घोटभर पेट्रोल उरतं. ते घरापासून बरोबर फाट्यापर्यंत पुरतं, हा शोध तिनं दुसऱ्याच दिवशी लावला. घरून निघताना कॉक बंद करायचा. फाट्यावर गाडी आचके देत थांबायची. कॅनचा खळखळाट ऐकू आला की चेहरा पाडायचा. तो प्लग काढायला वाकला की गुपचूप कॉक उघडायचा. आठ दिवस हेच चाललं.

“तुमची गाडी लय लाडाची दिसतीय,” तो म्हणायचा.

“तुमच्याच हातानं सुरू होते, तिला मी काय करू?”

तो लाजून प्लग जरा जास्तच वेळ घासायचा. ती त्याच्या काळवंडलेल्या बोटांकडे बघत राहायची. आपण किती हुशार, असं तिला वाटायचं.

दहाव्या दिवशी प्रज्ञेश आलाच नाही. यशोधरा बंद गाडीशेजारी अर्धा तास उभी. शेवटी नंदाबाईनंच हाक मारली.

“त्येची वाट बगू नगं, पोरी. आता तो उशिरानं निगतो. खंडाळ्याच्या हाटेलाचा रतीब सुटला त्येचा. हप्ताभर रोज दूध उशिरा गेलं. न्याहारीची येळ टळली, तर ते लोक कशाला थांबत्याल?”

यशोधराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं कॉक उघडला, जरा थांबून किक मारली, आणि गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली. नंदाबाई बघतच राहिली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं यशोधराला झालं. दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवताना तिला ते कॅनच दिसत होते. आपल्या चार गोड शब्दांपायी एका माणसाचा पहाटेपासूनचं राबणं वाया गेलं, आणि त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळं खरं सांगायचं ठरवून ती निघाली. कॉक उघडा, चोक ओढलेला, सगळं शहाण्यासारखं. आणि गाडी ढिम्म. आता कोण विश्वास ठेवणार? तिनं ती फाट्यापर्यंत ढकलत आणली.

तो उशिरा आला. आज एकच कॅन होता.

“पुन्ना?”

“थांबू नका,” ती खाली बघत म्हणाली. “आधी दूध पोचवा. गाडी... रोज मीच बंद पाडत होते. कॉक बंद करून. तुम्ही थांबावं म्हणून. तुमचा रतीब माझ्यामुळे गेला. मला तुमच्याकडे बघायचीही लाज वाटते.”

प्रज्ञेश उतरला. त्यानं तिच्या गाडीच्या इंजिनावर तळहात ठेवला.

“गार हाय,” तो म्हणाला. “म्हंजी आज खरंच बंद हाय. एरवी रोज घरनं चालू आल्यानं गरम आसायची.”

तिला कळायला एक क्षण लागला. “म्हणजे तुम्हाला...”

“दुसऱ्या दिसापासनं ठाव हाय. कोरडा ठाक प्लग मी धा-धा मिन्टं घासत बसायचो, त्यो काय उगाच? रतीब माझ्याच हातानं गेला. लाज मला वाटाया पायजे. म्हनून तर काल तोंड दाखवलं न्हाई.”

दोघंही एकमेकांकडे बघेनात. टपरीत नंदाबाई उगाचच स्वच्छ ग्लास पुन्हा विसळत होती.

“हॉटेलात मी येते तुमच्याबरोबर,” यशोधरा म्हणाली. “उशीर का झाला, ते मी सांगते.”

“काय सांगनार? लाज वाटंल तुमाला.”

“वाटू दे.”

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिची गाडी ढकलत टपरीमागं नेऊन लावली आणि आपल्या गाडीवर जाऊन बसला.

“बसा मग. त्या रिकाम्या बाजूला पाय सोडून बसा. कॅन गेल्यापासनं गाडी एकीकडं वढतीय. तितं वजन पायजेलच.”

ती बसली. त्यानं किक मारली, आणि तिनं कधी नव्हे ते मनापासून मागितलं, की ही गाडी तरी एका किकेत सुरू होऊ दे. दुधाला उशीर व्हायला नको होता.