उजवीकडचं वजन

आर्लिसबाईंची पिकअप रस्त्यावर अशी झोकांड्या खात यायची, की समोरचा माणूस मुकाट्यानं आपली गाडी शेतात उतरवायचा. पुढच्या चाकांचे आर्म ज्या सांध्यात हलतात, तिथले रबरी बुश पार कामातून गेले होते. मी पाच वर्षं कानीकपाळी ओरडत होतो. "बाई, बदलून घ्या, नाहीतर एक दिवस थेट गव्हात जाल." त्या म्हणायच्या, "गेले तर वेचून आण मला." शाळेत आम्हाला पाढे त्यांनीच शिकवले. त्यांच्याशी वाद घालायची माझी अजून टाप नाही.

ऑगस्टात त्या आपणहून माझ्या गॅरेजात आल्या. डॉक्टरांनी डोळे तपासून गाडी चालवायला मनाई केली होती. बिलिंग्ज शहरातला पुतण्या दुसऱ्या दिवशी पिकअप न्यायला येणार होता, तीसुद्धा ठीकठाक करून दिली तरच. पुतणेच ते! बाईंनी माझ्या कामाच्या बाकावर डबा ठेवला. बटाट्याच्या पातळ पोळ्या होत्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. मग स्टुलावर बसून राहिल्या.

"घरी सोडतो तुम्हाला. वेळ लागेल मला."

"बसते इथंच. तू काम कर."

गाडी जॅकवर घेतली. डावीकडचे बुश जुने होऊन जसे व्हावेत तसेच झाले होते. उजवीकडे मात्र रबराचा मागमूस नव्हता, लोखंडावर लोखंड घासत होतं. आमच्याकडे गाड्या उजव्या कडेनं चालतात, रस्ते कडेला उतरते आहेत, उजवी बाजू आधी जाते, असं मी स्वतःला सांगितलं. मग उजवी स्प्रिंगही बसलेली दिसली. होतं असंही. पण स्टिअरिंग मोकळं करायला आत डोकावलो, तर लांब सीटवर डावीकडे, स्टिअरिंगमागं, बाईंच्या जागी खड्डा, आणि उजवीकडे शेजारच्या जागी त्याहून खोल खड्डा.

"शेजारी कोण बसतं तुमच्या?"

"कुणी नाही."

"किराणा ठेवत असाल."

"किराणा मागं ठेवते. ती जागा मोकळी असते."

ती का मोकळी असते, ते गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाईंचा मुलगा लेइफ तिसरीत माझ्या बाकावर बसायचा. जानेवारीत त्याचा ताप डोक्यात गेला. बाहेर बर्फाचं वादळ. नवऱ्याच्या माघारी एकट्या राहिलेल्या बाईंनी पोराला शेजारी बसवलं आणि याच गाडीनं माइल्स सिटीचं इस्पितळ गाठलं. पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर त्या जागेवर त्यांनी कुणाला बसू दिलं नाही. आम्हा पोरांना वाटेत गाडीत घ्यायच्या, पण मागं हौद्यात, थंडीतसुद्धा.

"वेंडेल," बाई म्हणाल्या, "गाडी गेली की गाडीतलं सगळंच जातं का रे?"

"खणातले कागद आठवणीनं काढून घ्या," मी म्हणालो.

"कागदांचं नाही विचारत मी."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, माझा विश्वास ग्रीसवर. मी खाली मान घालून नवे बुश दाबून बसवत राहिलो.

शेवटचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकवून आवळायचे असतात, नेहमीचं वजन गाडीत ठेवून. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळवटून राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडी खाली घेतली आणि बाईंना त्यांच्या जागी बसायला सांगितलं. डावी बाजू किंचित खाली आली. मी गाडीखाली सरपटत गेलो, डावे बोल्ट आवळले आणि उजवीकडे वळलो.

उजवी बाजू खाली आली.

सावकाश आली. आधी थोडी, मग माणूस नीट सरकून बसतो तशी आणखी थोडी. स्प्रिंग करकरली. मी तिथूनच गॅरेजच्या फरशीकडे पाहिलं. कुणाचे पाय नव्हते.

बाहेर आलो. बाई एकट्याच होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

"बाई, सरकलात का?"

"नाही."

"मग..."

"आहे?" बाईंनी विचारलं.

"कुणीतरी आहे."

"केवढा आहे?"

मडगार्ड किती खाली आलंय ते मी पाहिलं. किती वजनाला गाडी किती बसते, हे माझ्या हातांना कळतं. खोटं बोलायला हवं होतं.

"माझ्याएवढा."

"काडी होता नुसता. जेवायचाच नाही." मग बाईंनी मनगटानं डोळे पुसले. "वाढला म्हणजे."

मी पुन्हा खाली गेलो आणि उजवे बोल्ट त्या वजनावरच आवळले. पाना दोनदा निसटला.

बाई उतरल्या. डावी बाजू वर आली.

उजवी आली नाही.

बाई चाचपडत वळसा घालून उजव्या दाराशी गेल्या. दार उघडलं. इतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं, आणि त्या कशाला घाबरल्यात हे मला कळत होतं: तो उतरलाच नाही तर.

"लेइफ," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "गाडी उद्या जायची. उतर बाळा. चालत जाऊ घरी."

काही झालं नाही. दूर कुठंतरी मळणीचं यंत्र घरघरत होतं.

"मला आता नीट दिसत नाही रे. तूच ने मला."

स्प्रिंग हलली.

मडगार्ड वर आलं आणि डाव्याच्या बरोबरीला थांबलं.

मी दार लावायला पुढं झालो. बाईंनी हातानं मला थांबवलं, एक पाऊल मागं सरल्या, वाट पाहिली आणि मग स्वतःच दार लावलं.

घर मैलभरावर. त्या पडतील म्हणून मी माझ्या आवाराच्या फाटकापर्यंत धावलो. तिथं गुरं अडवायला वाटेतल्या चरावर आडव्या लोखंडी नळ्या टाकलेल्या आहेत, मधल्या फटीत धडधाकट माणसाचाही पाय अडकतो. बाई काठावर थांबल्या, कोपर थोडं वर उचललं आणि नळीवर नेमका पाय ठेवत पलीकडे गेल्या.

त्या बोलत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते. पण मान वर केलेली होती, माझ्याशी बोलताना करावी लागते तेवढीच.