सव्वा मूठ

“आणि माझी मूठ?” रत्नानं विचारलं आणि ओट्यावर जमलेल्या भाऊबंदांत असा हशा पिकला, की गहू निवडत बसलेल्या सुगंधाबाईनं बोटांत धरलेला खडा पुन्हा सुपातच पडला!

श्रावणात घरोघरी मांडल्या जाणाऱ्या कानबाई देवीच्या रोटांचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजणं चाललं होतं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ... वनाची सव्वा, त्याच्या लेकाची नवलची सव्वा, सुरतेहून सणाला येणाऱ्या छगनकाकाची सव्वा, आणि छगनच्या पाळण्यातल्या नातवाचीही सव्वा! ज्याच्या तोंडात अजून दात नव्हता त्याच्या नावाचा रोट होणार होता. आणि ट्रंकेत नऊ पदकं ठेवणाऱ्या कॉलेजातल्या पोरीचं नाव मात्र कुणाच्या ओठांवर नव्हतं.

“तुझी मूठ?” नवल म्हणाला. “आधी पळायचीस तरी. आता काय करतेस? चालतेस... बदकासारखी!” आणि त्यानं कमरेवर हात ठेवून, कंबर हलवत अंगणाला एक फेरी मारून दाखवली. भाऊबंद पोट धरून हसले. वनाही हसला... पोरीचा जन्मदाता बाप! सुगंधाबाईच्या काळजाला घरं पडली.

‘हसा, मेल्यांनो,’ ती मनात म्हणाली. ‘दात दिसू द्या. तेवढंच आहे तुमच्याकडे दाखवण्यासारखं.’

सुगंधाबाई वनाची थोरली बहीण. नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून अठरा वर्षांपूर्वी ती शिंदखेड्याहून माहेरी परतली, ती कायमचीच. चोपडा तालुक्यातलं हे केळीचं गाव तिला परकं नव्हतं. परकं झालं होतं ते घर. कानबाईचा रोट खायचा तो घरच्यांनीच. दिल्या घरच्या लेकीला तो वर्ज्य. सासरच्या कानबाईनं तिला टाकलं आणि माहेरच्या कानबाईनं ओळख दाखवली नाही. पण कामाला कुठली आली हो बंदी! गहू निवडायचे, पीठ मळायचं, रोट भाजायचे, सगळं हिनंच. हात चालायचे, तोंड चालायचं नाही. आणि पंगतीत भाऊबंद मिटक्या मारत म्हणायचे, “यशोदावहिनी, रोट खावा तर तुमच्याच हातचा!” वनाची बायको यशोदाबाई मान खाली घालायची. खरं सांगायचं धाडस त्या बिचारीत कधी आलं नाही... आणि अठरा वर्षांत विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही.

आता या घरच्या कुलदीपकाबद्दल सांगायला हवं. नवलला क्रिकेटचं वेड. त्याच्यासाठी जळगावची अकादमी, पॅड, बॅट, रोजचे भिजवलेले बदाम. जिल्ह्याच्या निवडीत एकदा, फक्त एकदा, त्याचं नाव आलं नाही, आणि हा पठ्ठ्या घरी येऊन जो आडवा झाला तो झालाच! खेळपट्टी खराब होती, निवडणारे वशिल्याचे होते, चेंडू ओला होता... नाचता येईना अंगण वाकडं! दोन वर्षं झाली, साहेब पानटपरीवर बसून दुसऱ्यांच्या खेळातल्या चुका काढतात. आणि तरीही त्याची सव्वा मूठ पक्की.

रत्ना मात्र भावाच्या जुन्या बुटांत कापूस कोंबून धावली. पंधराशे मीटरमध्ये जिल्ह्यात पहिली आली. मग नडगीच्या हाडाला चीर गेली, भरली, पुन्हा गेली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “धावणं बंद. चालायला हरकत नाही.” कॉलेजचे क्रीडाशिक्षक पंडित सर म्हणाले, “मग चालू या! चालण्याचीही शर्यत असते, दहा किलोमीटरची. नियम दोनच. एक पाऊल कायम जमिनीला लागलेलं हवं, आणि पुढचा पाय टेकला की अंग त्याच्यावर येईपर्यंत गुडघा ताठ. नियम मोडलेला दिसला की पंच लाल कार्ड देतो. तीन कार्डं... बाहेर!”

रत्ना तीन स्पर्धांत तीनदा बाहेर निघाली. पळणाऱ्या पोरीचे पाय ते. जरा वेग आला की उडायलाच बघायचे. तिसऱ्यांदा परतली तेव्हा सरळ केळीच्या बागेत जाऊन, दोन्ही गुडघ्यांत तोंड घालून ती हमसून हमसून रडू लागली. सुगंधाबाई तिथं केळीचे घड वाहत होती. अठरा वर्षांत या घराचं मिंधेपण नको म्हणून तिनं गड्यांच्या बरोबरीनं बागेतून रस्त्यापर्यंत घड वाहिले होते. तिनं डोक्यावरचा घड उतरवला, पोरीकडे क्षणभर पाहिलं, आणि जवळ घेण्याऐवजी, जसा तिचा स्वभाव, फटकारलं.

“रडी लिधं का? मंग ऊठ!”

“फुई, मला नाही जमत गं...” आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. “माझे पायच ऐकत नाहीत!”

“नाही ऐकत? मग तू कुणाची बहीण शोभतेस? त्या नवलची?” सुगंधाबाईनं चुंबळ रत्नाच्या डोक्यावर ठेवली आणि वर लहानसा घड चढवला. “चाल. चिखल शे. पाय उचलशी तं घड पडी!”

रत्ना चालली... चार पावलांत घड आपटला. दुसरा चढवला. तोही आपटला. “वा! शेतमालकाला सांगते, शिकरण करायला घे म्हणून!” सुगंधाबाई म्हणाली. पण त्याच वेळी ती स्वतः पुढे चालून दाखवत होती, आणि डोळे पुसत रत्ना बघत होती. फुईचं पाऊल जमीन सोडतच नव्हतं. गुडघा ताठ, मान स्थिर, आणि सगळा भार कमरेतून हलकेच वळत दुसऱ्या पायावर जात होता... पंडित सर महिनोन्‌महिने फळ्यावर काढून दाखवत होते ते हेच होतं! आणि ज्या चालीला गाव बदकाची चाल म्हणून हसत होतं, त्या चालीवर अठरा वर्षं गावाची केळी रस्त्याला लागली होती.

पुढचे सात महिने रोज सकाळी कॉलेजआधी रत्ना घड घेऊन चालली. शाबासकी तिला एकदाही मिळाली नाही. ज्या दिवशी एकही घड पडला नाही, त्या दिवशी सुगंधाबाई एवढंच म्हणाली, “बरं शे. आता जरा लवकर चाल, गोगलगायीची वरात नाहीये ही.”

अन् नेमकी धुळ्याची विभागीय स्पर्धा आली ती कानबाईच्या रविवारी! पहिल्या तिघींना राज्याच्या सराव शिबिरात जागा मिळणार होती. ती मिळाली नाही तर पुढचं ठरलेलंच होतं. बुधवारी शिरपूरचे पाहुणे रत्नाला बघायला येणार होते.

“चालानी काय शर्यत ऱ्हास का?” वना गरजला होता. “बठ्ठं गाव हासी ऱ्हायनं! कानबाईना दिनले सुरतना लोकं घर येतस, आन तू भायेर जाशी? रविवारले तू घरमाच ऱ्हाशी!”

मोजणीत नाही, पण घरात हवी... रोट लाटायला!

रविवारी उजाडताना रत्ना परसात उभी होती. खांद्याला पिशवी होती, पण पाय हलत नव्हते. “फुई, आबा तुला काय म्हणतील?”

“म्हणेल ते म्हणेल. अठरा वर्षं ऐकतेय, कान झिजले नाहीत अजून. सात वाजताची गाडी चुकली तर मात्र मी तुझं तोंड बघणार नाही. जा!”

रत्ना वाकली, सुगंधाबाईनं पाय मागे घेतले. पाया पडू दिलं असतं तर डोळ्यांतलं पाणी लपलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

नऊच्या सुमारास वनाला कळलं. घर भाऊबंदांनी भरलेलं, कानबाई मांडायची तयारी चाललेली, सुगंधाबाईचे हात कोपरापर्यंत पिठात...

“रत्ना कोठे शे?”

“धुळ्याला गेली.” सुगंधाबाईनं मान वर केली नाही. “तिच्यावर ओरडू नकोस. मीच धाडं तिले. काय करशी?”

सगळ्यांसमोर असं उत्तर! वनाचा चेहरा लालभडक झाला. “मंग तूबी निंघ! अठरा वरीस पोसी तुले, आन मनीच पोर बिघाडी तू... निंघ मना घरमाईन!”

‘पोसी’ हा शब्द सुगंधाबाईच्या अंतःकरणात खोल रुतला. एवढ्या भरल्या घरात एकही जीभ हलली नाही. यशोदाबाईनं नेहमीसारखी मान खाली घातली. सुगंधाबाईनं हातांचं पीठ परातीत झटकलं. “बरं झालं बोललास, वना. आता तुझा रोट तूच मळ,” ती म्हणाली, आणि दोन लुगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन उंबरठा ओलांडून गेली.

धुळ्याला स्पर्धा दुपारी चारला होती. मैदानाबाहेरच्या रस्त्यावर एकेक किलोमीटरच्या दहा फेऱ्या. फाट्यापर्यंत पायी आणि पुढे गाड्या बदलत सुगंधाबाई पोचली तेव्हा सहा फेऱ्या झाल्या होत्या. रस्त्याच्या कडेला पोरं शिट्ट्या वाजवत कमरा हलवून नकला करत होती. ‘इथेही नवल आहेतच म्हणायचे,’ तिच्या मनात आलं. मग तिची नजर फलकावर गेली... रत्नाच्या नावापुढे दोन लाल कार्डं!

आठव्या फेरीत रत्ना आली. तिसरी होती. चेहरा पांढराफटक, डोळे पुढच्या दोघींच्या पाठीवर खिळलेले, आणि पाय... ते मेले पुन्हा उडायला निघाले होते! तेवढ्यात तिला कडेला उभी फुई दिसली. घामानं थबथबलेली, आणि डोक्यावर गाठोडं. सणाच्या दिवशी, घर सोडून, डोक्यावर गाठोडं! रत्नाला एका नजरेत सगळं समजलं. डोळे पुसायला तिचा हात वर गेला...

“रडशील तं याद राख!” सुगंधाबाई भर रस्त्यात ओरडली. “घड डोक्यावर शे, रत्ना! पडी जाई!”

रत्नानं मान स्थिर केली. वेग मुद्दाम कमी केला. मागची एक पोर झपझप तिच्या पुढे निघून गेली. आता रत्ना चौथी. बघणाऱ्यांना वाटलं, हरली ही. पंडित सरांनी डोळे मिटून घेतले. पण रत्नाचं पाऊल आता जमीन सोडत नव्हतं. दोन फेऱ्या ती तशीच चालली, एक पाय, दुसरा पाय, चिखलातून घड नेल्यासारखी. आणि शेवट शंभर पावलांवर असताना, दुसऱ्या क्रमांकावरच्या पोरीला पळायचा मोह आवरला नाही. तिसरं लाल कार्ड... बाहेर!

रत्ना तिसरी आली. रेषा ओलांडून ती थेट फुईच्या गळ्यात पडली. “तुला माझ्यामुळे काढलं ना गं घरातून? मला नको ते शिबिर! मी शिरपूरवाल्यांना हो म्हणते, आबांच्या पाया पडते, पण तुझं घर...”

“थोबाड फोडीन!” सुगंधाबाई कडाडली, आणि मग त्या कडक बाईचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “एवढ्यासाठी चालले का मी उन्हातान्हात? पोरी... माझी मूठ कुणी मोजली नाही. तू तुझी मोजून घेतलीस. ती आता सांडू नकोस गं...”

त्या दोघी पंडित सरांच्या बहिणीकडे धुळ्यातच राहिल्या. आणि सोमवारी दुपारी, कानबाईचं विसर्जन उरकून, वना दारात येऊन उभा राहिला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, आणि बोलताना त्याची मान वर होत नव्हती.

घडलं होतं ते असं. सुगंधाबाई गेल्यावर भाऊबंदांनी यशोदाबाईला रोट करायला सांगितले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती बाई पदर खोचून सगळ्यांसमोर उभी राहिली. “माले रोट येत नहीत,” ती म्हणाली. “अठरा वरीस झायात, अक्काच करस. तुम्ही मनं नाव ली-लीसन तिना हातनं खादं. आन आज तिलेच काढं!” मग एकेका शहाण्यानं पिठात हात घातला. झाले ते रोट बाहेरून करपले, आत कच्चे राहिले. देवीचा प्रसाद, टाकता येत नाही. वीस मिशाळ पुरुष खाली मान घालून कच्चं पीठ चावत बसले. आणि त्याच पंगतीत छगनच्या फोनवर रत्नाचा फोटो आला... गळ्यात पदक, आणि शेजारी डोक्यावर गाठोडं घेतलेली फुई. त्या फोटोला हसायला एकाचंही तोंड उघडलं नाही. नवल तर ताटावरून उठूनच गेला.

“मनं चुकनं, अक्का,” वना म्हणाला. “मी तुला पोसली म्हणालो... खरं तर तूच...” ढसाढसा रडत तो मोठा बाप्या उंबऱ्यातच बसला. “शिरपूरवाल्यांना नाही म्हणून कळवलं. आणि रात्र सरायच्या आत नवे गहू काढले. दोन मुठी मोजल्या, सव्वा-सव्वा. एक रत्नाची... एक तुझी. माझ्या हातानं. भाऊबंद बोंबलले. बोंबलू दे.”

त्यानं फडकं सोडलं. दोन ओबडधोबड रोट; एक कडेनं काळा.

रत्नानं बापाचा हात धरला. सुगंधाबाईनं एक रोट उचलून नाकाशी धरला. अठरा वर्षं तिनं हा वास घेतला होता, चव नव्हती घेतली. तिनं काळ्या रोटाचा तुकडा मोडला, कपाळाला लावला, तोंडात घातला. गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ती सावकाश चावत होती. वना तिच्या तोंडाकडे बघत होता.

“रोट कच्चा शे, वना,” ती म्हणाली. “पुढला सालले मी करसू.”

आणि तिनं दुसरा तुकडा मोडला.