ओल्या कुंडीवरचा चिखल

रविवारच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आतच मुकादम बाल्ताझार निथळघरात, साखरेच्या कुंड्या निथळतात त्या खोलीत, मरून पडलेला सापडला. डोक्यात कुऱ्हाडीचा घाव होता, आणि कुऱ्हाड गायब.

कुऱ्हाड कुठली, हे कुणी विचारलं नाही. सांता उर्सुलाच्या मळ्यावर चरकाशेजारी आखूड दांड्याची एकच कुऱ्हाड टांगलेली असे. ऊस सारताना कुणा गुलामाचा हात चरकात गेला तर चरक थांबवत नसत, हात तोडत. आता निथळघराची मुख्य असलेल्या इनासियाचा डावा हात चार वर्षांपूर्वी असाच गेला. "चरक थांबवू नका!" म्हणून ओरडला होता मालकीणबाईंचा जावई लोरेन्सो, आणि कुऱ्हाड चालवली होती ह्याच बाल्ताझारने. म्हणून आज मढ्याकडे बघून इनासियाच्या डोळ्यांत टिपूस आला नाही. मेला ते बरं झालं, असंच तिला वाटलं.

पण तासाभरात पकडलं कुणाला? तिच्याच जावयाला, तोमेला!

तोमे काहिलीवरचा गुळव्या. उकळता पाक कुंड्यांत ओतायचं काम त्याचं. इनासियाची लेक लुझिया ही त्याची बायको. गेल्या पावसाळ्यात ती आणखी दोघा गुलामांबरोबर मळ्यावरून पळून गेली, असं मुकादमाने जाहीर केलं. तोमे चारचौघांत म्हणाला होता, "खोटं बोलतोस तू. एक दिवस खरं वदवून घेईन." तेच बोलणं आता त्याच्या मानेशी आलं होतं.

काशोएराहून न्यायाधीश केइरोश होडीने आला. दुपारच्या भरतीला तोमेला घेऊन निघायचं आणि बाहिया शहरात फासावर द्यायचं, हा त्याचा सरळ बेत. जागा बघायची म्हणून तो तेवढा निथळघरात शिरला. मागोमाग काळ्या कपड्यातल्या मालकीणबाई, दोना ब्रितेस, आणि लोरेन्सो.

"इथली मुख्य तू?" न्यायाधीशाने विचारलं.

"होय सरकार. हात गेल्यापासून."

"काल संध्याकाळी इथे कोण होतं?"

"कुणी नाही. शनिवारी ऊन उतरलं की मी बायकांना घेऊन बाहेर पडते. काहिली तेवढ्या चालू होत्या."

"म्हणजे तोमेला रान मोकळं."

"तोमेलाच का सरकार? ह्या घराला दार आहे, कुलूप नाही."

लोरेन्सो हसला. "घ्या! सासूबाई वकिली करायला लागल्या."

इनासियाने त्याच्याकडे नीट पाहिलं. रविवार असूनही त्याच्या मनगटांवर रोजची जाळीदार झालर नव्हती. बायकोने विणलेली ती झालर तो जेवतानाही काढत नसे.

लांबलचक खोलीत मातीच्या निमुळत्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या. पलीकडच्या भिंतीपाशी तयार, पांढऱ्या साखरेच्या. मधल्या ओळींत वर ओल्या चिखलाचा थर दिलेल्या. दाराजवळ चार दिवसांपूर्वी भरलेल्या, अजून मऊ आणि उघड्या. त्या मऊ ओळीत एकाच कुंडीवर चिखल होता, आणि चिखलावर काळी मळी तरंगून आली होती.

"सरकार, ही कुंडी जरा बघता का?" इनासिया म्हणाली.

"कुंडीत काय बघायचं, बाई?"

"जावईबापूंना विचारा की. मळा त्यांच्या हाताखाली आहे. काय चुकलंय हिचं?"

लोरेन्सोने खांदे उडवले. "काय चुकायचंय? चिखल लावलाय, बाकीच्यांसारखाच. सरकार, भरती निघून जाईल."

"आता तोमेला बोलवा," इनासिया न्यायाधीशाला म्हणाली. " मी त्याला काही विचारणार नाही. नुसतं इथून चालवत न्या."

न्यायाधीशाला गंमत वाटली असावी. त्याने मान हलवली. हात बांधलेल्या तोमेला शिपाई आत घेऊन आले. दोन पावलं टाकून तो थबकला, आणि आपण फासावर चाललोय हेच विसरला.

"अगं आई, हे काय! ह्या कुंडीला चिखल कोणत्या गाढवाने लावला? खालचा बोळा अजून तसाच आहे. मीच बसवलाय ना!"

"बोळा म्हणजे?" न्यायाधीशाने विचारलं.

"कुंडीच्या बुडाला भोक असतं सरकार. भरताना तिथे केळीच्या पानाचा बोळा बसवतो. साखर घट्ट झाली की तो काढायचा, मळी निथळू द्यायची. पंधरा दिवसांनी वर चिखल. त्याचं पाणी झिरपतं आणि साखर पांढरी होते. बोळा न काढता चिखल लावला तर पाणी जाणार कुठे? मळी वर येणार. हे आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल!"

इनासियाने बाही सारली, उजवा हात चिखलात खुपसला आणि दांडा धरून कुऱ्हाड ओढून काढली. पात्यावर मळी होती आणि मळीखाली रक्त. तिचा हात तोडणारी तीच कुऱ्हाड. ती हातात धरताना तिच्या नसलेल्या बोटांत कळ गेली.

न्यायाधीशाने तोमेचे हात सोडायला लावले. "गुळव्या ही चूक करायचा नाही, हे पटलं. पण मग कोणी केली?" तो मालकीणबाईंना घेऊन दारापाशी गेला आणि हलक्या आवाजात काही विचारू लागला. तोमे मनगटं चोळत भिंतीला टेकला.

लोरेन्सो चटकन कुंडीजवळ आला. इनासियाने कुंडीच्या काठावर हात ठेवला होता.

"आत तुमची झालर आहे," ती पुटपुटली. "पहाटे बोट घालून बघितलंय मी."

त्याचा चेहरा उतरला. "काय हवंय तुला? मुक्ती? कागद लिहून देतो."

"लुझिया कुठे आहे?"

"आणि मग गप्प बसशील?"

"मला एकच हात आहे, जावईबापू. एका हाताने मी किती उकरणार?"

लोरेन्सोने दाराकडे पाहिलं. "कामामु गावाला. मेंदोंसाच्या कसाव्याच्या शेतावर. जिवंत आहे."

इनासियाने डोळे मिटले आणि उघडले. मग ती मोठ्याने म्हणाली, "सरकार, ही कुंडी पालथी करायला मदत हवी. तोमे, ये रे बाबा."

लोरेन्सो आडवा येईपर्यंत तोमेने दोन्ही हातांनी कुंडी उचलून फरशीवर पालथी केली होती. ओली साखर भसकन बाहेर आली. तीत रक्ताने माखलेली जाळीदार झालर होती.

"माझ्या मुलीचं विणकाम," मालकीणबाई म्हणाल्या.

"आता ऐका सरकार," इनासिया म्हणाली. "मारणाऱ्याला कुऱ्हाड आणि झालर लपवायची होती. झालर चुलवणात जाळावी तर तिथे माणसं. मऊ ओळीत कुऱ्हाड सहज रुतली, म्हणून तीच निवडली. साखरेला खड्डा पडला, तो झाकायला शेजारच्या पिंपातला चिखल वर थापला. आमच्यातला कुणी असता तर पळीच्या पाठीने साखर सारखी केली असती, संपलं. चिखल लावलेला फक्त बघितलाय, लावला कधी नाही, अशा माणसाचं हे काम. आणि बाल्ताझारला का मारलं? काल तो तुम्हांला काय म्हणाला होता, मालकीणबाई? जेवण वाढणारीने ऐकलंय."

"दुपारी जेवताना म्हणाला," मालकीणबाई सावकाश बोलल्या, "पळून गेलेली तिघं कुठे आहेत ते उद्या प्रार्थनेनंतर सांगतो. प्यायला होता. मी दुर्लक्ष केलं. लोरेन्सो समोरच बसला होता."

"पळाली नव्हती ती. जावईबापूंनी आणि मुकादमाने मिळून विकली. माझी लुझिया कामामुला, मेंदोंसाच्या शेतावर आहे. आत्ताच जावईबापूंनी सांगितलं."

मालकीणबाईंनी जावयाच्या थोबाडीत मारली. "माझी माणसं विकलीस? माझी?" मेलेल्या मुकादमाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. तिघांना परत आणायला होडी सोडायचा हुकूम मात्र त्यांनी जागेवरच दिला, आणि तीत तोमेलाही बसवा म्हणाल्या.

लेक परत येणार होती ती ह्याच मळ्यावर, ह्याच चरकावर. इनासियाला ते ठाऊक होतं. तरी दिसेल तरी, असं तिच्या मनात आलं.

तोमेच्या मनगटांवरचा दोर आता लोरेन्सोच्या मनगटांवर आवळला गेला. शिपाई ओढू लागले तसा तो किंचाळला, "थेरडे! शब्द दिला होतास मला!"

"शब्द कसला?" इनासिया म्हणाली. "एका हाताने किती उकरणार, एवढंच म्हणाले होते. दुसरा हात तू चरकात घालवलास, म्हणून माझ्या जावयाचे दोन मागून घेतले."