उभा राहिलेला एनॉस

दिवा जरा बारीक करा रे पोरांनो. लायमन पीक माझा शेजारी होता. खोटं सांगून त्याला काही मिळणार नव्हतं, म्हणून ऐका.

लायमन मूळचा घोड्यांची खोगिरं शिवणारा. एका फिरत्या वैद्याकडून त्यानं मूळव्याधीवरच्या सुईचं गुपित घेतलं, बाटलीत काय आहे ते मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही अशी शपथ खाऊन. आपल्या इलिनॉयमध्ये तेव्हा असे सुईवाले गावोगाव फिरत. लोक लाजेपायी गुपचूप टोचून घेत, आणि काही बिघडायच्या आत सुईवाला पुढच्या गावाला पोचलेला असे.

एनॉस टटल हा मक्याचा शेतकरी. "अरे, जेवतोसुद्धा उभ्यानं," तो लायमनला म्हणाला. "बायको म्हणते, घोडा झालाय तुमचा!" दोघंही पोट धरून हसले. एकदाच काय ते काम व्हावं म्हणून लायमननं औषध दुप्पट टोचलं.

जखम काळी पडली, ताप चढला. एनॉसची बायको डोर्कस लायमनला पुढच्या गावातून शोधून घेऊन आली. डॉक्टर म्हणाला, "बाटलीत काय होतं? कळलं तर उतारा तरी देऊन बघतो." लायमन शपथेचं नाव पुढे करून गप्प राहिला. खरी काळजी होती ती धंद्याची. पालथा पडलेला एनॉस म्हणाला, "सांगून टाक की रे, लायमन..." त्यानं सांगितलं नाही. एनॉस गेला.

पुढच्या वर्षी, मक्याची तोडणी उरकल्यावरच्या पहिल्या शनिवारी रात्री लायमन आपल्या घोडागाडीतून एका रोग्याकडे निघाला होता. स्वच्छ चांदणं होतं. टटलांच्या शेताची वाट तो नेहमी टाळायचा, पण त्या रात्री दुसरी वाट पाण्याखाली होती.

कुंपणापाशी एक माणूस उभा होता. लायमननं सवयीनं लगाम ओढला. "या, बसा की."

"बसवत नाही."

माणूस गाडीच्या पायरीवर चढला. उभाच राहिला. घोडी हलेना... मग चालू लागली. हळू. डांबरासारखा वास आला. लायमनच्या औषधाचा वास. बाटली तर घट्ट बंद होती.

त्यानं वर पाहिलं नाही. बूट ओळखीचे होते.

"काय होतं रे त्यात?"

लायमननं घोडीला चाबूक दाखवला.

"लायमन..."

टटलांच्या घराचा दिवा दिसू लागला. लायमनला रडू फुटलं. "कार्बोलिक ॲसिड! ॲसिड आणि तेल! दुप्पट टोचलं, एनॉस! माझं चुकलं रे..."



शेजारची गादी हळूच दबली. कुणीतरी हुश्श केलं.

वळून पाहिलं... कुणी नव्हतं.

त्याच रात्री त्यानं डोर्कसला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. तो परत खोगिरं शिवू लागला, पण मनावरचं ओझं काही उतरलं नाही. गाडीत त्याच्या शेजारच्या गादीवर कुणी बसल्याचा खळगा पडला होता. एवढा कसबी माणूस, त्यानं कातडं बदललं, आतला भुसा बदलला. सकाळी खळगा तिथेच!

लायमन गेल्यावर ती गाडी मी घेतली. चला, घरी सोडतो तुम्हाला. मागे दाटीवाटीनं बसा. पुढे माझ्या शेजारी कुणी येऊ नका... ती जागा अजून कोमट असते.